राहण्याची सोय

दर एप्रिलात मी फेरीबोटीच्या धक्क्यावरची पाटी खरवडते
आणि नव्याने लिहिते.
रंग फिन्लेच्या बोटीचा उरलेला, निळा.
अक्षर माझंच, शाळेत कौतुक झालेलं,
आता जरा डावीकडे कलतं; वाऱ्यामुळे म्हणा.

आधी रस्ता. एकपदरी आहे.
समोरून कुणी आलं तर रुंद जागी थांबा, हात वर करा.
नाही केलात
तर अंधार पडायच्या आत सगळ्यांना कळलेलं असतं.

मग खाणं.
शोनागची हिरवी गाडी, चाकं कधीच मातीत रुतलेली.
धुरावलेल्या हॅडॉकचं सूप, बरोबर ओटची जाड भाकरी.
ती असली की उघडं, नसली की बंद.
वेळ विचारू नका, तिलाही माहीत नसते.
कोळंबी मागू नका.
टॉर्क्विल ती पहाटे काढतो, दुपारी ती ट्रकात चढते,
परवा स्पेनमध्ये कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीला.
आम्ही दुकानातले गोठवलेले मासे खातो.
अंडी वळणावरच्या मोडक्या मायक्रोवेव्हमध्ये,
दार ओढून लावा, पैसे बरणीत.
सुटे नसतील तर पुढच्या वेळी.
पुढच्या वेळी म्हणून गेलेला एक डच माणूस
अकरा वर्षांनी आला, व्याजापोटी चीज घेऊन.

बघण्यासारखं:
दीपगृह. दिवा आपोआप लागतो,
राखणदार माझ्या लग्नाच्या वर्षी शेवटचा जिना उतरला.
ओहोटीला खडकांवर सील,
आळसावलेले, पाहुण्यांसारखे.
आणि डोंगरापलीकडे बावीस घरांचे चौथरे, आत नेचे कमरेएवढे.
मेंढ्यांना जागा हवी म्हणून माणसं काढली होती.
आता मेंढ्याही नाहीत.
तिथे बसून डबा खाल्लात तरी चालेल,
फक्त चुलीच्या दगडावर बसू नका.
का, ते मला सांगता येणार नाही.
आमच्यात कुणी बसत नाही.

मग राहणं.
इथे दर वर्षी ब्रश थांबतो.
आमच्या बोलीत एका रात्रीपुरतं राहणं
आणि हाडं मातीला लागेपर्यंत राहणं
यांना शब्द एकच.

मर्डिनाचं घर: दाराशी आकड्यांची डबी, आकडे जुळवले की किल्ली.
दुर्बीण, गरम पाण्याचा हौद, स्वागताला बाटली.
मालक कुठल्याशा शहरात; मी त्यांचा आवाज ओळखते फक्त.
याखनचं घर: तेच.
जुनी शाळा: तेच, आणि फळा ठेवलाय, शोभेला.
त्यावर कुणीतरी वायफायचा परवलीचा शब्द लिहिलाय
जिथे मी सातचा पाढा चुकले होते.
अशी आठ नावं लिहिते मी, सुबक, एकाखाली एक,
आणि नोव्हेंबरात रात्री कोळसा आणायला बाहेर येते तेव्हा
आठही खिडक्या काळ्या.
धुराडी मोजते.
पाच. शोनाग बहिणीकडे गेली की चार.

यंदा रंग ओला होता तेव्हा बोटीतून एक मुलगी उतरली,
सातवा महिना असावा, नवरा मागे अवजारांची पेटी घेऊन.
म्हणाली, राहायला काही मिळेल का?
मी पाटीकडे बोट दाखवलं.
तिने आठही नावं वाचली, नीट, ओठ हलवत.
मग म्हणाली, नाही हो.
राहायला.

मी ब्रश चिंधीला पुसत राहिले, स्वच्छ झाल्यावरसुद्धा.
मग म्हटलं, गोठ्यामागे एक कॅरॅव्हॅन आहे,
आत चाऱ्याची पोती आहेत,
वारा सुटला की हलते,
आणि एका कोपऱ्यात गळते, आधीच सांगते.

तिने विचारलं,
कुठल्या कोपऱ्यात?